आतल्या बाजूचा बंध

॥ श्री ॥
मुकुटबन, ता. ११ मे १९५८

तीर्थरूप दादास,
रत्नाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

ही चिठ्ठी लाकडाच्या ट्रकवाल्याजवळ देत आहे. तो वणीवरून पुढे यवतमाळला येणार आहे. वाचून घाबरू नका. हे जिवंत आहेत, शुद्धीवर आहेत.

इथून दीड-दोन कोसांवर बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथल्या विहिरीचं काम ह्यांच्या देखरेखीखाली चालू होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा संध्याकाळी वळीव पडला. काल सकाळी हे कामावर गेले तर पूर्वेच्या काठाला भेग दिसली. ओव्हरसियर म्हणून ह्यांनी सगळ्यांना वर यायला सांगितलं. सगळे आले. खेमसिंग नावाचा एक माणूस तेवढा खाली पहारी दोराला बांधत राहिला. दोनदा हाक मारूनही येईना, म्हणून हे शिडीनं खाली उतरले. तेवढ्यात काठ खचला. हे छातीपर्यंत गाडले गेले. खेमसिंग पुरताच खाली गेला.

खेमसिंगाचा धाकटा भाऊ धावजी पहिल्यांदा आत उतरला. त्यानं ह्यांच्या काखेत हात घालून ह्यांना ओढून काढलं. खेमसिंग संध्याकाळी सापडला. त्याच्या बायकोचं रडणं माझ्या कानातून जात नाही.

ह्यांचा डावा गुडघा कोहळ्यासारखा सुजला आहे. उभं केलं तर पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला फाकतो आणि हे पांढरेफटक पडतात. लोक म्हणतात, शीर तुटली, हाडवैद्याला बोलवा. मी नाही म्हटलं. उद्या ऑफिसची जीप मिळते आहे. तुमच्याकडे घेऊन येते. वहिनींना सांगा, माझ्यासाठी काही करत बसू नका, मला काही खाववत नाही.

तुमच्याच आधारावर असलेली
रत्ना

—

यवतमाळ, ता. २५ मे १९५८

चि. रत्नास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. प्लास्टर घातलेला पाय जीपमधून बाहेर काढून दीनानाथराव नवरदेवासारखे बसले होते म्हणे. हे वाचून तुझी वहिनी हसली. तूही थोडं हसत जा.

इथे असताना तू इतकी घाबरलेली होतीस की मी सांगितलेलं तुझ्या कानावर पडलंच नाही, म्हणून पुन्हा लिहितो. गुडघ्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्यासारखा एकेक मजबूत बंध असतो. दाराला बिजागरी असते तसा तो पायाला एका रेषेत ठेवतो. दीनानाथरावांचा आतल्या बाजूचा पट्टा तुटला आहे. एक्स-रेच्या फोटोत हाड शाबूत दिसलं. पाय सरळ ठेवून पाहिला तर सांधा घट्ट लागला. किंचित वाकवून नडगी बाहेर ढकलली की मात्र आतली बाजू उघडत होती. याचा अर्थ सांध्याच्या पोटातले बंध वाचले आहेत. असा एकटा आतला बंध हलू दिला नाही तर आपोआप सांधतो. म्हणून चाकू लावला नाही.

आता तुझं काम. प्लास्टर मांडीपासून घोट्याच्या वरपर्यंत आहे. त्याच्या आतच त्यांनी मांडी आवळायची, सोडायची. दिवसातून जितक्यांदा आठवेल तितक्यांदा. पाय सरळ ठेवून उचलायचा. नाहीतर प्लास्टर निघेल तेव्हा मांडी काठीसारखी झालेली असेल. आणि कुणी कितीही प्रेमानं तेल घेऊन आलं तरी गुडघ्याच्या आतल्या बाजूला चोळू द्यायचं नाही. तिथे चोळल्यानं हाडासारखी गाठ धरते आणि जन्माचं दुखणं होतं.

खेमसिंगाचं वाईट वाटतं. त्याच्या घरच्यांना कुणी भेटलं का, ते कळव. आमची मंजुषा आत्याला पापा पाठवते आहे.

तुझा काळजीवाहू
दादा

—

मुकुटबन, ता. २० जुलै १९५८

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

प्लास्टर काढून आम्ही परत आलो त्याला बरेच दिवस झाले. तुम्ही त्या दिवशी गुडघा हलवून पाहिलात आणि खूश झालात. बुटाच्या टाचेखाली आतल्या कडेला चामड्याची पट्टी ठोकून घ्या म्हणालात, तीही मोच्याकडून ठोकून घेतली. पण दादा, बूट तसाच कोपऱ्यात पडून आहे. हे चालतच नाहीत.

दुखतं का विचारलं तर नाही म्हणतात. पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसून राहतात. जमिनीला टेकवत नाहीत. फरशीवर टेकवतात कधीमधी, पण अंगणातल्या ओल्या मातीवर मुळीच नाही. परवा मी आणि शेजारच्या अकीलाबींनी दोन्हीकडून धरून त्यांना अंगणात नेलं. डावा पाय चिखलात टेकला मात्र, आणि हे असे ओरडले की अकीलाबींच्या हातातून सुटलेच. गुडघा वळला नव्हता, काही झालं नव्हतं. थरथरत होते नुसते.

आणखी एक. डाव्या घोट्याच्या वर उपरण्याची पट्टी गुंडाळून ठेवतात. तिथे जखम नाही. मला हात लावू देत नाहीत. आंघोळीला गरम पाणी टाकते तेव्हाही तेवढा भाग स्वतःच धुतात, तोंड दुसरीकडे करून.

आणि खेमसिंगाची बायको येते. धनीबाई तिचं नाव. बाजाराच्या दिवशी तांड्यावरून सगळ्या बाया येतात. त्यांच्यातून निघून ही आमच्या दाराशी येते आणि ओट्याच्या पायरीवर बसते. काही मागत नाही. पाणी दिलं तर घेत नाही. बाजार उठला की निघून जाते. काहून येतं बाई, असं मी विचारलं तर माझ्याकडे नुसती पाहत राहिली. तिच्या हातातल्या बांगड्या गेल्या आहेत, दंड अगदी उघडे दिसतात. ती आली की हे आतल्या खोलीचं दार लावून घेतात. दादा, मला तिची भीती वाटते आणि भीती वाटते याची लाजही वाटते. हिचे तळतळाट तर लागले नसतील?

तुम्ही अशा गोष्टींवर रागावता म्हणून भीत भीत लिहिलं. काय करू ते कळवा.

तुमची
रत्ना

—

यवतमाळ, ता. २७ जुलै १९५८

श्री. दीनानाथराव यांस,
नरहरचा सप्रेम नमस्कार वि. वि.

रत्नाचं पत्र आलं. ते तिनं तुमच्यापासून लपवून लिहिलेलं नसावं, म्हणून मीही उघडच लिहितो. तुमचा बंध चांगला जुळला आहे. मी स्वतः हातानं पाहिलं. चालायला त्याची हरकत नाही, हरकत दुसऱ्या कशाची तरी आहे.

मेहुणा म्हणून नको, डॉक्टर म्हणून मला सांगा. त्या खड्ड्यात तुमच्या पायाला काय झालं? माझ्या टेबलावर तुम्ही तेवढं सोडून सगळं सांगितलंत. मी तेव्हा विचारलं नाही, कारण तुमचे दात वाजत होते. आता विचारतो. लिहायला जमलं नाही तर या. तेही जमलं नाही तर मी येतो.

तुमचा स्नेह हवाच असलेला
नरहर

—

मुकुटबन, ता. १० ऑगस्ट १९५८

तीर्थस्वरूप नरहरराव यांस,
दीनानाथचा सा. नमस्कार वि. वि.

चार वेळा लिहायला बसलो, फाडलं. आज एकदम लिहून टाकतो आणि न वाचता पाकीट बंद करतो.

काठ खाली आला तेव्हा खेमसिंग माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो वर माझ्याकडे पाहून हसत होता. आलो ना साहेब, कायले घाबरता, असं काहीतरी म्हणत होता. मग सगळं काळं झालं. डोळे उघडले तेव्हा मी छातीपर्यंत गाऱ्यात होतो. तोंड मातीनं भरलेलं. वर आभाळाचा गोल तुकडा आणि माणसांची डोकी.

तेव्हा खाली माझ्या डाव्या घोट्याच्या वर हात आला. मूळ नव्हतं, दोर नव्हता. बोटं होती. त्यांनी दाबलं, सैल झाली, परत दाबलं. जिवंत माणसाची बोटं कशी असतात हे तुम्हाला सांगायला नको. मला ओरडायचं होतं की खाली हा आहे, जिता आहे, आधी इथे खणा. तोंडातून आवाज निघेना. माती गिळली तरी निघेना.

मग धावजी उतरला. समोरचा काठ अजून लोंबत होता, म्हणून त्यानं मला सरळ वर न ओढता बाजूला ओढलं. पूर्ण जोर लावून ओढलं. मी मान हलवत होतो. त्याला वाटलं असेल मी वेदनेनं हलवतोय. माझा गुडघा आतून फाटला. भिजलेलं जाड कापड फाडावं तसा आवाज मला अंगातून ऐकू आला. आणि मी वर आलो.

लोक म्हणतात खेमसिंग जागीच गेला. मी सगळ्यांना तेच म्हणू दिलं. नरहरराव, हात सुटला नाही. माझा पाय सुटला.

आता पाय ओल्या मातीला लागला की तो हात येतो. प्लास्टरमध्ये असताना तर सतत होता. ती बाई बाहेर बसते आणि मला वाटतं तिला हे माहीत आहे. तिच्या दिराच्याच हातून झालं, हे तिला कसं सांगू? आणि न सांगता तिच्यासमोर कसा बसू?

रत्नाला यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही तिचे भाऊ आहात, पण यात माझे राहा.

आपला
दीनानाथ

—

यवतमाळ, ता. १७ ऑगस्ट १९५८

श्री. दीनानाथराव यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचा आहे. निश्चिंत असा.

मला जे ठाऊक आहे तेवढंच लिहितो. पाय खाली धरलेला आणि वरचं अंग बाजूला ओढलं गेलं, की आतला बंध तुटतो. धरणारा गाराही असू शकतो. काळ्या मातीचा गारा बैलाचा पाय सोडत नाही, माणसाचा कुठून सोडणार? त्यामुळे तिथे हात होता की नव्हता हे तुमचा गुडघा मला सांगू शकत नाही. तुमच्या घोट्यावर मी वळ पाहिले होते, पण सगळ्या अंगावरच वळ होते. तुम्ही म्हणता हात होता, तर होता. तिथे तुम्ही होता, मी नव्हतो.

दुसरं मात्र खात्रीनं लिहितो. खेमसिंगावर जेवढी माती होती असं रत्ना सांगते, तेवढ्या मातीखालचा माणूस लवकर जातो. धावजीनं तुम्हाला सोडून तिथेच खणायला घेतलं असतं तरी त्याला भाऊ जिवंत मिळाला नसता. तुम्हीही मिळाला नसता.

धनीबाईला काय सांगावं याचं औषध माझ्या कपाटात नाही. ती मागेल तेवढं द्या. न मागता देऊ नका. आणि मांडीचे व्यायाम करा. पावलावर वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करायचा. भीती असो नसो, मांडीला काम लागतंच.

रत्नाला फार दिवस बाहेर ठेवू नका. ती वाटते त्याहून धीट आहे.

आपला
नरहर

—

मुकुटबन, ता. १२ ऑक्टोबर १९५८

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं, असं आता कळलं. रागावले होते, आता नाही.

आज बाजार होता. धनीबाई आली आणि पायरीवर बसली. ह्यांनी दार लावलं नाही. काठी घेऊन भिंतीच्या आधारानं बाहेर आले आणि ओट्यावर तिच्यापासून थोडं लांब बसले. मी उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत होते. मग तीच बोलली. म्हणाली, साहेब, आखरीले त्याच्या संग तुमीच होते. समदे मले सांगून राह्यले का तो लगेच गेला. त्यायले काय मालूम? तुमाले मालूम हाय. तो काई बोलला काय?

मी मनातल्या मनात म्हणत होते, काही नाही बोलला असं सांगा. हे म्हणाले, हसत होता. आलो साहेब, घाबरू नका, म्हणाला. ती वाट पाहत राहिली. मग ह्यांनी सांगितलं की मातीखाली त्यानं माझा पाय धरला होता.

दादा, माझ्या हातातल्या सुपातले तांदूळ सांडले. तिनं विचारलं, कोन्ता पाय? ह्यांनी घोट्यावरची पट्टी सोडली. मी इतक्या महिन्यांनी तो घोटा पाहिला. काहीसुद्धा नव्हतं तिथे, कोरी कातडी. धनीबाई खाली वाकून पाहत राहिली. हात नाही लावला. मग म्हणाली, म्हंजे जिता होता. हे हो म्हणाले. ती म्हणाली, मंग एकटा नव्हता.

त्यानंतर ती रडली. आतापर्यंत ती इथे कधी रडली नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं पाणी मागितलं, दोन तांबे प्यायली. ह्यांनी तिला हे सांगायला हवं होतं का नव्हतं, मी ठरवू शकत नाही. आता ती रोज विचार करेल की तो कितीक वेळ जिवंत होता. पण ती तसाही करतच होती, असं हे म्हणतात.

संध्याकाळी ह्यांनी वाळूची पिशवी मागून घेतली. डावी मांडी उजवीच्या निम्मीच झाली आहे. दहादा उचलून घामाघूम झाले. अजून अंगणात उतरत नाहीत. पण पट्टी परत बांधली नाही.

दसऱ्याला यायला जमेल असं वाटत नाही. वहिनींना नमस्कार.

तुमची
रत्ना

—

मुकुटबन, ता. १८ जानेवारी १९५९

तीर्थस्वरूप नरहरराव यांस,
सा. नमस्कार वि. वि.

तुमच्या गुडघ्याची खबर आधी. तुमचाच म्हणतो, तुम्हीच सांधलात. टाच उंच केलेला बूट घालून काठीशिवाय चालतो. उकिडवं बसता येत नाही, मांडी घालायला वेळ लागतो. एकदम वळलो तर आतली बाजू आठवण करून देते. थंडीत सकाळी ताठरतो. ओल्या मातीत पाय पडला तर अजूनही तो हात येतो. मी थोडा थांबतो, मग पुढचं पाऊल टाकतो. जाईल असं आता म्हणत नाही.

तांड्यावर नवी जागा पाहून विहीर परत सुरू केली. जुनी बुजवली. ह्या खेपेला खोदत जाईल तशी दगडाची बांधणी घेत आलो. गेल्या आठवड्यात पाणी लागलं. तांड्यावर नगारा वाजला, पण फार वेळ नाही.

धावजी सुरुवातीपासून कामावर होता. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. पाणी लागलं त्या दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तो मागे राहिला. दगडावर माझ्याशेजारी बसला. म्हणाला की भाभीनं सांगितलं मले. मग म्हणाला, मले वरतून एकच डोकं दिसत होतं, तुमचं. भाऊचं दिसत नव्हतं. जे दिसलं ते मी वढलं. मी म्हटलं, बरोबरच केलंस. त्यानं ते ऐकलंच नाही. त्यानं विचारलं, मी वढलं तवा त्याचा हात होता काय तुमच्या पायाले? का आदीच सुटला होता?

नरहरराव, धनीबाईपुढे मी खरं बोललो होतो. पण तिनं हे विचारलं नव्हतं. धावजी माझ्याकडे पाहत नव्हता, स्वतःच्या तळहातांकडे पाहत होता. मी म्हणालो, आधीच सुटला होता. तू उतरायच्या आधी.

त्यानं तळहात एकमेकांवर घासले. मग म्हणाला की मंग तुमचा गुडघा कायनं तुटला? तुटण्याचं डॉक्टरला कळतं, मला काय कळतं, असं काहीतरी बोललो. म्हणजे ओझं मी तुमच्या दारात नेऊन ठेवलं. तो सरळ माणूस आहे, पण विसरणारा नाही. तुमच्याकडे येईल. आला तर काय सांगायचं ते तुम्हीच पाहा. मी तुम्हाला काही सांगायला लावत नाही. तेवढा माझा अधिकार नाही.

रत्नाला हे सगळं ठाऊक आहे. ती म्हणते, दादा बरोबर बोलतील.

आपल्या मायेचा ऋणी
दीनानाथ

—

यवतमाळ, ता. २ मार्च १९५९

श्री. दीनानाथराव व चि. रत्ना यांस,
सप्रेम नमस्कार व आशीर्वाद वि. वि.

धावजी काल येऊन गेला.

खांदा दुखतो म्हणून आला होता. रांगेत सगळ्यांच्या मागे बसून राहिला, पुढे बोलावलं तरी दुसऱ्यांना जाऊ देत होता. मी खांदा पाहिला. खांद्याला काही नव्हतं. सदरा घालता घालता त्यानं विचारलं की डाक्टरसाहेब, मुकुटबनच्या साहेबाचा गुडघा कायनं तुटला होता?

मी त्याला टेबलावर बसवलं आणि त्याच्याच गुडघ्यावर बोट ठेवून आतला बंध कुठून कुठे जातो ते दाखवलं. सांगितलं की पाय गाऱ्यात रुतला होता, अंग बाजूला ओढलं गेलं, म्हणून तुटला. तो म्हणाला, नुसत्या गाऱ्यानं? मी म्हणालो, नुसत्या गाऱ्यानं. असे रोगी मी पाहिलेत, एकजण तर पोळ्याच्या दिवशी बैल धुताना नाल्यात रुतला होता. ही शेवटची गोष्ट खरी आहे. बाकीचं खरं की खोटं, मी इतक्या वेळा स्वतःशी घोळवलं आहे की आता मलाच सांगता येणार नाही. तसं होऊ शकतं, एवढं मी शपथेवर सांगेन. तसंच झालं, असं मी त्याला सांगितलं.

तो बराच वेळ स्वतःच्या गुडघ्याकडे पाहत होता. माझ्यावर त्याचा विश्वास बसला का, ते त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. चपला घालून दारापर्यंत गेला आणि वळला. विचारलं, आता साहेबाचा गुडघा कापून पाह्यला तरी समजन काय, का तवा काय झालं होतं? मी म्हणालो, नाही. एकदा बंध भरून आला की तो काही सांगत नाही.

तो म्हणाला, मंग बरं हाय. आणि गेला.

दोघंही जपून असा. इकडे सगळे ठीक. लोभ आहेच, तो असाच जवळ ठेवा.

तुमचा
नरहर